तीन आठवड्यांचा संघ

जूनच्या शेवटी प्रवेशाची गर्दी सुरू झाली की मी कॉलेजच्या खिडकीशेजारी खुर्ची टाकून बसते. खो-खो खेळलेली मुलगी पावतीसाठी हात पुढे करते तेव्हाच ओळखू येते. मातीवर सूर मारून मारून कोपराखालची कातडी गुळगुळीत, फिकट झालेली असते. हनुवटीखाली एखादी जुनी खोक असते. रांगेत नुसती उभी असली तरी तिचा भार चवड्यांवर असतो. मी विचारते, ‘‘कोणत्या शाळेची गं? सर कोण तुझे?’’ ती सरांचं नाव सांगते आणि मला निम्मं कळतं.

आमच्या मराठवाड्यात मुलींचा खो-खो टिकवला तो शाळाशाळांतल्या मोजक्या क्रीडाशिक्षकांनी. पहाटे मैदानावर हजर राहायचं, पाणी मारायचं, आणि संध्याकाळी पुन्हा एखाद्या घरी जाऊन मुलीच्या वडिलांची समजूत काढायची, हे त्यांचं वर्षानुवर्षांचं काम. धाराशिवच्या सारिका काळेला २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला, त्यामागेही असंच एक मैदान आहे. विद्यापीठाकडे मुलगी येते ती अशी घडून आलेली. पुढे तिच्या छातीवर विद्यापीठाचं नाव लागतं. ते नाव लागण्याआधीची आठ-दहा वर्षं कुणा दुसऱ्याची असतात, हे मी विसरत नाही आणि कुणाला विसरू देत नाही.

मी तालुक्याच्या ठिकाणच्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक आहे. मुली ‘पीडी मॅडम’ म्हणतात. विद्यापीठाच्या मुलींच्या खो-खो संघाबरोबर व्यवस्थापक म्हणून जायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. इथे सांगतेय ते २०२४-२५ या वर्षाबद्दल.

पावसाळ्यात मैदान हेच मोठं काम. जुलैत माती वाहून जाते आणि खडी वर येते. ती वेचायची, लाल माती चाळून टाकायची, रोलर फिरवायचा, खांबांना काचकागद मारायचा. कुसळ राहिलं तर सूर मारणाऱ्या मुलीच्या तळहातात घुसतं. मग दोरी धरून मधली पाटी आखायची, आठ चौक आखायचे, फक्की मारायची. हे सगळं मुलीच करतात. ज्या वर्षी मैदान मजुरांकडून करून घेतलं, त्या वर्षी मुलींना मैदानाचे उंचसखल कोपरे कळायला महिना गेला.

ऑगस्ट-सप्टेंबरात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होतात, त्यातून निवड चाचणी, आणि चाचणीतून वेगवेगळ्या कॉलेजांच्या बारा-पंधरा जणींचा संघ. आठवड्यापूर्वी एकमेकींच्या नावानं बोटं मोडणाऱ्या मुली एका खोलीत झोपायला येतात. शिबिर साधारण तीन आठवड्यांचं. ते संपलं की पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा, आणि विभागातले पहिले चार संघ अखिल भारतीयला जातात. चारांत आलो नाही तर संघ स्टेशनवर उतरतो आणि तिथेच संपतो. पुढच्या वर्षी पुन्हा चाचणी, पुन्हा नवा संघ. बहुतेक विद्यापीठांत, बहुतेक खेळांत हीच रीत आहे. वर्षभराचा विद्यापीठ संघ म्हणून लोक ज्याच्याकडे बघतात, तो खरं म्हणजे तीन आठवड्यांचा असतो.

या तीन आठवड्यांतले पहिले काही दिवस कागदांत जातात. दहावीची सनद, बारावीची गुणपत्रिका, चालू वर्षाच्या प्रवेशाची पावती, फोटो, प्राचार्यांची सही, मग विद्यापीठाची सही. वय सतराच्या खाली नको, पंचविसाच्या वर नको. एखादीचं नाव सनदेवर एक आणि आधारवर दुसरं असतं, आणि मग तिच्या शाळेत फोन, तहसीलच्या चकरा. एक कागद कमी म्हणून स्पर्धेच्या ठिकाणी मुलीला बाहेर बसवलेलं मी पाहिलं आहे. त्यामुळे या कामाचा मला कंटाळा येत नाही.

त्या वर्षी चाचणीत एक मुलगी सगळ्यांच्या डोळ्यांत भरली. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या गावची, बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला. खांबावरचा तिचा सूर वेगळाच होता. बहुतेक मुली खांब धरतात आणि मग शरीर फेकतात. हिचं शरीर आधी सुटायचं आणि हात नंतर खांबाला लागायचा, त्यामुळे पलीकडे पळणाऱ्या मुलीला ती फूटभर जास्त गाठायची. निवड समितीत दुमत नव्हतं. यादी लागली आणि दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, ‘‘मॅडम, माझं नाव काढा. उचल घेतलीय.’’

उचल म्हणजे काय हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला मुकादम पावसाळ्यातच आगाऊ पैसे देतो. दोघं मिळून एक कोयता. हंगामभर तोडून ते पैसे फेडायचे. तिच्या वडिलांची कंबर मागच्या हंगामात गेली होती. त्यामुळे या वर्षीच्या कोयत्यात एक बाजू आई आणि दुसरी बाजू ही.

मी आणि संघाची कर्णधार तिच्या घरी गेलो. वडील ओट्यावर पडून होते. म्हणाले, ‘‘मॅडम, पैसे घेतले, दवाखान्यात गेले बी. आता पोरगी नाही लावली तर मुकादम दारात येऊन बसंल. त्याचं बी चुकत नाही.’’ खेळातून नोकरी लागते का, असंही त्यांनी विचारलं. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे हे मी सांगितलं, आणि ते मिळेपर्यंतची वाट किती लांब आहे तेही सांगितलं. खोटी आशा दाखवून मुलगी नेली तर पुढच्या वर्षी त्या गावात आपल्याला कुणी पाणीही विचारणार नाही.

तोड आईनं काढली. त्या वर्षी विधानसभेची निवडणूक होती आणि गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू होणार होता. टोळ्या नेहमीपेक्षा उशिरा हलणार होत्या. आई म्हणाली, ‘‘पहिले आठ-दहा दिवस मी भावजयीसंगं तोडते. हिला खेळू द्या. पण तिथून थेट फडावर आली पाहिजे. घरी नाही, थेट फडावर.’’ मी हो म्हटलं.

शिबिरात पहिल्याच दिवशी मी सगळ्यांचं रक्त तपासून घेते. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाई येतात. निम्म्याहून जास्त मुलींचं हिमोग्लोबिन कमी निघतं. दर वर्षी निघतं. लोहाच्या गोळ्या सुरू होतात, जेवणात अंडी, गूळ-शेंगदाणे, पालेभाज्या वाढतात. पण रक्त भरून यायला दोन-तीन महिने लागतात आणि आपल्याकडे असतात तीन आठवडे. गोळ्यांचा गुण यायला लागतो तेव्हा मुलगी घरी परतलेली असते आणि पाकीट बहुधा कोनाड्यात पडलेलं असतं.

खेळाचंही तसंच आहे. खो-खोत धावणं दिसतं, सूर दिसतो. उशिरा दिलेला खो बाहेरच्याला दिसत नाही, आणि सामने तर त्याच्यावर जिंकले जातात. आठ जणी चौकात बसलेल्या, एक आड एक उलट्या दिशांना तोंड करून. नववी पळत असते. तिनं एकदा दिशा घेतली की मागे वळायचं नाही, मधली पाटी ओलांडायची नाही. संरक्षण करणारी मात्र कुठूनही कुठेही जाते. तिला अडकवायचं तर बसलेल्या मुलीच्या पाठीला हात लावून ‘खो’ म्हणायचं, आणि ते अशा क्षणी, की समोरचीचं पाऊल पडून गेलेलं असेल आणि तिला ते परत घेता येणार नाही. अर्धा क्षण आधी खो दिला तर ती सावध होते. अर्धा क्षण उशीर झाला तर ती खांबापलीकडे गेलेली असते.

आमची कर्णधार धाराशिवकडची होती. डोंगरपट्ट्यातली ही मुलगी शेवटच्या चौकात बसायची. पहिले चार दिवस दोघींचं काही जुळेना. कर्णधार खो लवकर द्यायची, कारण बसलेली मुलगी किती झटक्यात उठते याचा तिला अंदाज नव्हता. ही मुलगी उठायची आधी, खो पडायची वाट न बघता, आणि फाऊल व्हायचा. आमच्या प्रशिक्षकांनी दोघींना संघातून बाजूला काढलं आणि एका खांबापाशी रोज तासभर फक्त शेवटचा खो घोटायला लावला. एक पळणार, एक बसणार, तिसरी संरक्षणाला. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस मी मैदानाबाहेर पाठ करून उभी असताना मला आवाज आला. ‘खो’ आणि खांबावर हात पडल्याचा आवाज जवळजवळ एकच. वळून पाहिलं तर तिसरी मुलगी जमिनीवर बसून हसत होती. तिला कळलंच नव्हतं ती कशी बाद झाली.

स्पर्धा राजस्थानातल्या एका विद्यापीठात होती आणि मॅटवर होती. २०२२ साली पुण्यात बालेवाडीला पुरुषांची व्यावसायिक लीग सुरू झाली तेव्हापासून खो-खोचं मॅट सगळ्यांच्या तोंडी आहे. आमच्या मुली अनवाणी मातीवर वाढलेल्या. मॅटवर बूट लागतात, आणि बुटात पायाची बोटं जमीन पकडत नाहीत. सूरही वेगळा बसतो, कारण माती शरीराला थोडं पुढे घसरू देते आणि मॅट जिथल्या तिथे धरून ठेवतं. शिबिरात आम्ही कबड्डीच्या मुलांकडून रोज दोन तास मॅट मागून घेतलं. त्यांचीही स्पर्धा तोंडावर होती, तरी त्यांनी कुरकुर केली नाही. उलट त्यांचा कर्णधार उभा राहून मुलींना बुटाची नाडी घोट्याभोवती कशी बांधायची ते दाखवत होता.

प्रवासाचं फारसं सांगत नाही. गाडी उशिरा, डब्यात गर्दी, मुलींच्या पाळीच्या तारखा नेमक्या तेव्हाच, आणि मी दारापाशी सामान सांभाळत बसलेली. मुलींच्या संघाबरोबर बाई का हवी, हे अशा रात्री कळतं.

साखळी सामन्यांपर्यंत आम्ही पोचलो. शेवटच्या सामन्यावर चौथा क्रमांक ठरणार होता. समोर गुजरातचा संघ, उंच आणि शांत मुलींचा. शेवटच्या आक्रमणात मिनिटभराच्या आत आम्हाला दोन गडी हवे होते. पहिला गडी साखळीतच मिळाला, जरा नशिबानं, कारण त्यांच्या मुलीचा बूट घसरला. दुसरी मात्र पक्की होती. ती एकेका चौकाला वळसा घालत खांबाकडे सरकत होती, आणि आमची कर्णधार तिच्या मागे, खो न देता. बाकावरच्या मुली ओरडत होत्या, ‘‘दे, दे!’’ तिनं दिला नाही. त्यांची मुलगी खांबाला वळसा घ्यायला आत झुकली, तिचा उजवा पाय पडला, आणि तेव्हा खो आला. डोंगरपट्ट्यातली मुलगी चौकातून उठली की थेट हवेतच होती. हात खांबाला, दुसऱ्या हाताची बोटं समोरचीच्या पोटरीला. पंचांची शिट्टी वाजली. आम्ही चौथे आलो.

त्या रात्री मुली झोपल्या नाहीत. अखिल भारतीयला जायचं होतं, डिसेंबरात, उत्तरेकडे. ही मुलगी मात्र पिशवी भरून बसली होती.

परतीच्या गाडीनं पहाटे मनमाडला उतरलो. आम्हाला तिथून परभणीकडची गाडी धरायची होती. तिचा मामा टेम्पोतून तिला न्यायला आला होता, श्रीरामपूरच्या बाजूला, आई तिथल्या फडात होती. संघातल्या मुलींनी आपापल्या डब्यांतले उरलेले लाडू, चिवडा तिच्या पिशवीत कोंबला. कर्णधारानं मामांना विचारलं, ‘‘मामा, डिसेंबरात आठ दिवस सोडाल का हिला?’’ मामा म्हणाले, ‘‘मी कोण सोडणार बाई? टोळी एकाच्या जिवावर नसती, पण एका माणसामुळं गाडी भरायची राहती.’’ ते खरं होतं.

डिसेंबरात ती आली नाही. तिच्या जागी आम्ही राखीव मुलीला बसवलं. तीही चांगली होती, मनापासून खेळली. पण शेवटचा खो पुन्हा जुळवायला वेळच नव्हता. आम्ही बाद फेरीचा पहिलाच सामना हरलो. त्या मुलीनं स्वतःला दोष द्यायला सुरुवात केली तेव्हा प्रशिक्षकांनी तिला सगळ्यांसमोर सांगितलं की आज तिच्याकडून जे मागितलं होतं ते दोन महिन्यांचं काम होतं.

जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला. १९ जानेवारी २०२५ ला प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. मुलांचा संघही जिंकला. आमच्या संघाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या रात्री शंभरेक संदेश आले. त्यातला एक फडावरून होता. कोपीत मोबाइलला नेट येत नाही म्हणून ती उसाच्या गाडीवर चढून सामना बघत होती.

त्यानंतर मी तिला भेटायला गेले. रस्त्याकडेला कोप्यांची रांग, पुढे बैल, मधोमध चूल. ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढत होती. अंगात विद्यापीठाचं ट्रॅकसूटचं जाकीट. पाचटानं हात फाटतात म्हणून बायका तोडताना नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, हिनं जाकीट घातलं होतं. पाठीवरचं विद्यापीठाचं नाव शाबूत होतं आणि बाह्यांच्या चिंध्या झाल्या होत्या. मला बघून ती ओशाळली. ‘‘दुसरं जाड काही नव्हतं मॅडम.’’ मी म्हटलं, कपडा अंगासाठी असतो, घाल.

अशा कष्टांमुळे आमच्या मुली काटक होतात, असं व्यासपीठांवरून सांगणारे मला भेटतात. त्यांच्याशी माझं भांडण आहे. मोळ्या वाहून मानेचे मणके दबतात, गुडघे लवकर झिजतात, अपुऱ्या झोपेनं रक्त आणखी उतरतं. ती मुलगी चांगली खेळते ती तिच्या शाळेतल्या सरांनी घडवली म्हणून. मार्चमध्ये परतली तेव्हा तिचा उजवा खांदा पुरता वर जात नव्हता.

आंतरविद्यापीठ खेळातला सर्वांगीण कामगिरीचा मान म्हणजे मौलाना अबुल कलाम आझाद करंडक. तो १९५६-५७ पासून दिला जातो आणि पंजाबातल्या विद्यापीठांनी तो पुन्हा पुन्हा नेला आहे. तिथली पोरं आपल्यापेक्षा धष्टपुष्ट असतात, एवढं कारण मला पटत नाही. तिथे खेळाडूला राहायला खोली असते, वर्षभर प्रशिक्षक असतो, वर्षभर ताट असतं. आपल्याकडे असं कुणी केलंच नाही असंही नाही. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले, तेव्हा खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला जाऊ शकले आणि कांस्यपदक घेऊन आले. ही गोष्ट आपण भाषणांत फार सांगतो. एका प्राचार्यावर घर गहाण टाकायची वेळ का आली, हे मला त्या गोष्टीत जास्त महत्त्वाचं वाटतं.

फेब्रुवारीत मी क्रीडा मंडळाला एक टिपण दिलं. मागणी मोठी नव्हती. मे महिन्यात वसतिगृहं रिकामी असतात. त्यातल्या काही खोल्या आणि खानावळ खो-खो, कबड्डी आणि धावण्याच्या निवडक मुलींना महिनाभर द्या, रक्ततपासणी जूनपर्यंत चालू ठेवा, आणि हंगामाला जाणाऱ्या घरांतल्या मुलींसाठी वसतिगृहाच्या दोन खोल्या पूर्ण वर्ष राखून ठेवा. पहिल्या दोन गोष्टी मंजूर झाल्या. बैठकीत एका वयस्कर सदस्यांनी विचारलं, ‘‘स्पर्धा नोव्हेंबरात, तुम्ही मेमध्ये काय खेळवणार?’’ मी त्यांना हिमोग्लोबिनचे दोन वर्षांचे आकडे दाखवले. ते वाचून त्यांनीच ठराव मांडला.

मेमध्ये मुली आल्या. सकाळी साडेपाच ते आठ मैदान, कारण त्यानंतर ऊन उभं राहू देत नाही. दुपारी झोप, अभ्यास, संध्याकाळी मॅट. डोंगरपट्ट्यातली मुलगीही आली. नोव्हेंबरच्या सत्राचे तिचे तीन पेपर राहिले होते, ते उन्हाळी परीक्षेत तिनं दिले होते. जिल्हा रुग्णालयातल्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी खांद्याचे व्यायाम लिहून दिले, आणि पहिले पंधरा दिवस तिला सूर मारायची बंदी होती. ती नुसती चौकात बसायची, उठायची, बसायची. कर्णधाराचं हे पदवीचं शेवटचं वर्ष होतं, पण एम. ए.ला प्रवेश घेतेय म्हणाली, म्हणजे आणखी दोन वर्षं खेळता येईल. दोघींनी खांबापाशी पुन्हा शेवटचा खो घोटायला घेतला, आणि या वेळी बघायला नवीन चार मुली बाजूला उकिडव्या बसलेल्या होत्या.

मुकादम आषाढात उचल द्यायला फिरतो. त्याच्याआधी मला तिच्या घरी पोचायचं आहे. हातात दोन कागद न्यायचे आहेत, एक ‘कमवा आणि शिका’चा फॉर्म आणि एक वर्षभराच्या खोलीचं पत्र. तिची मजुरी वाचली तरी वडिलांचं औषध कुठून येणार, हे आई विचारणारच. त्यासाठी आमच्या कॉलेजातल्या तिघी-चौघी प्राध्यापिका दर महिन्याला काही रक्कम बाजूला काढायला तयार झाल्या आहेत. फॉर्मवर सही झाली आहे. पत्रावर व्हायची आहे, सोमवारी मी पुन्हा विद्यापीठात जातेय.